थम! कौन आता है?

कुपवाड्याला असताना आमची सकाळ आरओपीने, म्हणजे रोड ओपनिंग पार्टीने सुरू व्हायची. कॉन्व्हॉय निघायच्या आधी रस्ता पायी तपासायचा. आमचे सुभेदार साहेब नव्या पोरांना एवढंच सांगत, "कल जो नहीं था और आज है, वहीं रुक जाना." ताजी उकरलेली माती, उलटा पडलेला दगड, रोज उघडं असणारं पण आज बंद असलेलं दुकान.

संत्री ड्यूटीचंही तसंच. अंधारात पावलं वाजली की संत्री ओरडतो, "थम! कौन आता है?" गोळीची गोष्ट नंतरची. आधी समोरच्याला कळतं की आपण दिसलो. वाईट हेतूने फिरणाऱ्याला मारामारी नको असते, गाफील माणूस हवा असतो.

झाशीला फॅमिली क्वार्टर मिळालं तेव्हा ही सीपरी बाजारातून चालत यायची. एक मोटारसायकलवाला तीन दिवस मागे. चौथ्या दिवशी ती वळली आणि त्याच्या तोंडाकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "भैया, क्या काम है? नंबर लिख लिया है." मग घरी न येता सरळ मेडिकलच्या दुकानात जाऊन उभी राहिली. पाठलाग करणाऱ्याला आपलं दार दाखवायचं नसतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तो परत दिसला नाही. मी पल्टनभर कौतुक सांगत फिरलो.

चुकलो ते दुसरीकडे. आमच्या येण्याजाण्यातले एक गृहस्थ मुलीला क्लासवरून घरी सोडायचे. वयाने मोठे, बोलायला गोड. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, मी चालत येत जाईन." मी म्हणालो, "अगं, काका आपलेच आहेत, त्यांना वाईट वाटेल." आधी चेष्टा, मग खांद्यावर हात, मग "घरी सांगू नकोस" असं एक चॉकलेट. ही सरळ सरळ रेकी होती. कुंपण कुठं कच्चं आहे ते तो माणूस चाचपत होता, आणि मी, रस्त्यावरचा दगड हलला तरी ओळखणारा, आतून फाटक उघडून देत होतो. तिनंच एक दिवस गाडीत बसायला नकार दिला. हे सगळं मला वर्षभरानं कळलं, तेही आईकडून.

आपले काही माजी सैनिक बंधू यावर उपाय सांगतात: पिस्तुलाचं लायसन्स काढा, पोरींना सातच्या आत घरात आणा. मला हे पटत नाही. एनसीआरबीचे आकडे वर्षानुवर्षे सांगतात की बलात्काराच्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. मग सातच्या आत घरात आणून कुणापासून वाचवणार? आणि गुन्हा घडलाच तर तो करणाऱ्याचा, गाफील राहिलेल्या मुलीचा नव्हे. गाफील तर मीही होतो.

घरात शिकवायचंच तर हे शिकवा: मोठ्यांनाही नाही म्हणता येतं, मोठ्या आवाजात म्हणता येतं, आणि कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे. 112 आणि रेल्वेचा 139 पाठ असू दे. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. न्याय संहितेचं कलम 38 तर आपल्यातल्या कितीजणांनी वाचलंय? बलात्काराच्या किंवा पळवून नेण्याच्या इराद्यानं हल्ला झाला, तर स्वसंरक्षणाचा हक्क हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत पोचतो. गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा मात्र तो देत नाही.

मुलगी आता पुण्यात शिकते. मागे फोनवर तिनं विचारलं, "बाबा, तेव्हा सगळं सांगितलं असतं तर तुम्ही विश्वास ठेवला असता?"

मला पटकन हो म्हणता आलं नाही.