सुभेदार रामजी : फक्त 'बाबासाहेबांचे वडील' नव्हेत

2 फेब्रुवारी हा सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचा स्मृतिदिन. 1913 साली याच दिवशी मुंबईत त्यांचे निधन झाले. दरवर्षी या दिवशी आपण व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा फोटो फिरवतो, खाली 'विनम्र अभिवादन' लिहितो आणि पुढच्या कामाला लागतो. ज्या माणसाने भीमराव घडवला, त्याला आपण एवढ्यावरच का आटोपतो, हा आमचा प्रश्न आहे.

रामजी म्हटले की आपल्याला एकच प्रसंग आठवतो : मुलाच्या पुस्तकांसाठी लेकीचे दागिने सावकाराकडे गहाण ठेवणारा बाप. प्रसंग खरा आहे, खुद्द बाबासाहेबांनीच तो सांगितला आहे. पण तो सांगताना दागिने कोणाचे होते, हे आपण गाळतो. ते तुळसा आणि मंजुळा या लग्न झालेल्या बहिणींचे होते. पेन्शन आली की रामजी ते सोडवून आणत. म्हणजे एका मुलाच्या शिक्षणामागे बापाची पेन्शन होती आणि बहिणींचा त्यागही होता. बापाची गोष्ट सांगताना या लेकींची नावे घेतलीच पाहिजेत.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. ही पेन्शन आली कुठून? रामजी ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यात होते. आंबडव्याच्या या महार माणसाला गावच्या शाळेने शिकवले नाही, पलटणीने शिकवले. सैनिकांना आणि त्यांच्या मुलाबाळांना तिथे शिक्षण होते. त्यातूनच रामजी शिक्षक झाले आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. 14 एप्रिल 1891 ला भीमरावांचा जन्म महूच्या छावणीत झाला, गावकुसाबाहेरच्या वस्तीत नाही. हा फरक लहान नाही.

इथे काही जण आम्हाला अडवतात. "इंग्रजांच्या चाकरीचे कसले कौतुक करता?" असे विचारतात. त्यांना आमचा उलट प्रश्न आहे : ज्या समाजव्यवस्थेने रामजींना सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी पिऊ दिले नाही, तिच्याशी इमान राखायला हवे होते काय? आणि इंग्रज तरी कुठे उपकार करत होते? 1892 च्या सुमारास 'लढाऊ जमाती'चा सिद्धांत पुढे करून त्यांनी महारांची भरती बंद केली. ज्यांच्या बळावर राज्य कमावले, त्यांनाच दाराबाहेर काढले. या अन्यायाविरुद्ध निवृत्त सैनिकच उभे राहिले. गोपाळबाबा वलंगकर हे पेन्शनर सैनिक होते. त्यांनी अर्ज केला. रामजींनीही न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेऊन भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून खटपट केली. भरतीचा दरवाजा बंद झाला की शाळेचा आणि पेन्शनचाही बंद होतो, हे त्यांना स्वतःच्या आयुष्यावरून कळत होते. हुजरेगिरी करणारा माणूस असे अर्ज करत नसतो.

निवृत्तीनंतरचे रामजी पाहा. दापोली, मग सातारा. तिथे 1896 मध्ये भीमाबाई गेल्या. घर मीराआत्याने सांभाळले. रामजी गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर असताना 1901 मध्ये मुले त्यांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरलेल्या त्या पोरांना जात कळताच गाडी मिळेना, पाणी मिळेना. बापाचा हुद्दा आणि मुलांचे स्वच्छ कपडे जातीपुढे कुचकामी ठरले. पुढे मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत हाच बाप रात्री दोनपर्यंत जागा राहायचा, मुलाला अभ्यासाला उठवायचा आणि मग स्वतः आडवा व्हायचा.

आम्ही रामजींना देव करत नाही. ते कबीरपंथी होते, घरात भजने आणि रामायण-महाभारताचे वाचन चालायचे. मुलाचे लग्न त्यांनी कोवळ्या वयात लावले. त्यांची प्रत्येक गोष्ट आज स्वीकारायची असे नाही. पण त्याच घरातून मिळालेल्या कबीराला बाबासाहेबांनी पुढे बुद्ध आणि फुले यांच्यासोबत आपला गुरू मानले. 1923 मध्ये 'रुपयाचा प्रश्न' हा ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला. आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेला त्याग आणि दाखवलेली दृष्टी यांची कृतज्ञता त्या अर्पणपत्रिकेत आहे. लंडनच्या त्या पदवीमागे एक सुभेदार उभा होता, याची पावती लेकाने स्वतः दिली आहे.

आता आजचे बोलू. 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागेही बाबासाहेबांचा आग्रह होता. तेव्हापासून आपल्या जवळजवळ प्रत्येक वस्तीत एखादे तरी निवृत्त फौजी आजोबा असतात. त्यांच्या पेन्शनवर घरे उभी राहिली, पोरे शिकली, विहाराची पहिली वर्गणी बऱ्याचदा त्यांनीच दिली. आज 2022 पासून अग्निपथमध्ये चार वर्षांची नोकरी आहे, पुढे चारातल्या एकालाच कायम करण्याची तरतूद आहे. बाकीच्यांना पेन्शन नाही. आपली पोरे पहाटे रस्त्यावर धावतात, त्यांना धावू द्या. पण रामजींच्या हातात जे होते ते या पोरांच्या हातात राहणार आहे का, हा प्रश्न आपण विचारायचा नाही तर कोणी विचारायचा? शौर्यदिनाला 1 जानेवारीला भीमा कोरेगावी मानवंदना द्यायची आणि जिवंत सैनिकाच्या पेन्शनवर गप्प बसायचे, हे आम्हाला पटत नाही.

म्हणून येत्या 2 फेब्रुवारीला हार घालून थांबू नका. वस्तीतल्या फौजी आजोबांना विहारात बोलवा. त्यांची नोकरी, त्यांचे पोस्टिंग, घराकडे पाठवलेली मनीऑर्डर, सगळे विचारा आणि लिहून घ्या. सोबत आजीलाही बसवा, कारण ते सीमेवर असताना घर तिने चालवले. ही माणसे गेली की त्यांच्यासोबत आपला इतिहासही जाईल, आणि तो दुसरे कोणी लिहून ठेवणार नाही.

सुभेदार रामजींना आमचा जय भीम!