बिनचेहऱ्याची बाई आणि डेझीची आई

आमच्या केंद्राच्या भिंतीवर मी एका चित्राची छापील प्रत लावली आणि वाद सुरू झाला. चित्रात सोफ्यावर एक बाई आणि तिची लहान मुलगी बसलेल्या आहेत. एक कार्यकर्ती म्हणाली, "पुन्हा आई आणि मूल? यातूनच तर बायांना बाहेर काढायचंय!" चित्रकला शिकलेले एक हितचिंतक म्हणाले, "अशी माणसांची चित्रं आता कालबाह्य झाली." दोघांशीही मला भांडायचे आहे.

चित्र अमेरिकन चित्रकार अ‍ॅलिस नील हिचे, १९७३ सालचे. त्यातली बाई लिंडा नॉक्लिन, मुलगी डेझी. थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत, हा प्रश्न १९७१ मध्ये विचारणारी कला-इतिहासकार ती हीच. प्रतिभा कमी पडली नाही, दारे बंद होती, हे तिचे उत्तर. एकोणिसाव्या शतकात बराच काळ युरोपातल्या कला अकादमींत मुलींना नग्न मॉडेलवरून रेखाटन करू देत नसत; आणि त्याशिवाय मोठे चित्रकार होता येत नाही, असेही त्याच अकादमी सांगत!

नीलसमोर दार बंद केले ते फॅशनने. १९४०-५०च्या दशकांत न्यूयॉर्कमध्ये अमूर्त चित्रकलेचा दबदबा होता. माणसाचा चेहरा रंगवणे मागासलेपणाचे मानले जाई. नील मात्र स्पॅनिश हार्लेममधल्या घरात दोन मुलगे वाढवत शेजारीपाजारी रंगवत राहिली. व्हिटनी म्युझियमने १९७४ मध्ये तिचे प्रदर्शन भरवले तेव्हा ती ७४ वर्षांची होती. अमूर्त चित्रे वाईट, असे मी म्हणत नाही. पण कोणाचे चेहरे 'कालबाह्य' ठरतात आणि ते कोण ठरवते, हे विचारायला नको का?

आता माझ्या मैत्रिणीचा आक्षेप. नीलची पहिली मुलगी घटसर्पाने वर्षाच्या आत गेली. दुसरीला १९३० मध्ये नवरा क्यूबाला घेऊन गेला. मातृत्वाचे गोडवे गाणारी ही बाई नव्हे. चित्रातली नॉक्लिन कॅलेंडरवरच्या आईसारखी हसत नाही. ती विचार करणारी, थोडी ताणलेली बाई आहे. शेजारी चुळबुळणारी पोर आहे. विदुषी आणि आई एकाच सोफ्यावर, एकाच अंगात. यातली एक पुसून दुसरी दाखवावी, असे नीलला वाटले नाही.

आपल्याला मात्र वाटते. आपली पोस्टरे आठवा: वळलेली मूठ, तुटलेली बेडी, बिनचेहऱ्याची बाई. आपणही 'स्त्री' अमूर्तच करून टाकली आहे. त्या बिनचेहऱ्याच्या बाईला मूल नसते, थकवा नसतो, संध्याकाळचा स्वयंपाक नसतो. म्हणून तर सभा संध्याकाळी सहाला ठेवताना आपल्याला काही खटकत नाही. मग लहान मुलांच्या आया येत नाहीत आणि आपण म्हणतो, "बायांमध्ये जागृतीच नाही!"

म्हणून माझी सूचना: येत्या ८ मार्चच्या पोस्टरवर वस्तीतल्या खऱ्या बाया काढू या, त्यांच्या संमतीने, त्यांच्या नावांसह. आणि खाली ठळक अक्षरांत लिहू या: मुलांना घेऊन या, त्यांना सांभाळायची सोय केली आहे. आणि ती सोय खरोखर करू या.