ब्लाऊज मापाचा, मग स्टेंट का नाही?

आमच्या बचत गटातल्या एका वहिनींना ऐन दिवाळीच्या तोंडावर दम लागायला लागला. पाठ आणि जबडा दुखायचा, मळमळायचं. घरच्यांनी पित्त म्हणून सोडा दिला. वहिनींनीही फराळाचं उरकल्याशिवाय दवाखान्यात जायचं नाही असं ठरवून टाकलेलं. शेवटी जिल्ह्याच्या गावी नेलं तर दोन ब्लॉकेज निघाले! बायकांचा हार्ट अ‍ॅटॅक सिनेमातल्यासारखा छातीवर हात दाबूनच येतो असं नाही, हे आपल्याला कुणी सांगतच नाही.

स्टेंट बसला. भेटायला गेले तर वहिनी म्हणतात, "ताई, डॉक्टर म्हणाले औषध लावलेली जाळी बसवलीय. आता औषध आतच आहे, मग ह्या गोळ्या बंद केल्या तर चालतील ना? महिन्याचा खर्च फार होतो."

मी चमकलेच. मैत्रिणींनो, असं मुळीच करायचं नाही. स्टेंट म्हणजे धातूच्या जाळीची बारीक नळी. ती आत फुलवली की रक्तवाहिनी उघडी राहते. पण शरीराला ती जखम वाटते, ते भरायला धावतं आणि वाहिनी पुन्हा अरुंद होते. म्हणून जाळीवर औषधाचा लेप असतो, तो काही महिने हळूहळू पाझरतो. मात्र त्याच औषधामुळे धातूवर नवं अस्तर चढायलाही वेळ लागतो आणि उघड्या धातूवर गुठळी होऊ शकते. आतलं औषध भिंतीसाठी, गोळी रक्तासाठी. किती महिने घ्यायची ते डॉक्टर सांगतील, आपण नाही ठरवायचं.

अशा लेपातल्या एका औषधाची, सिरोलिमसची, गोष्ट मला फार आवडते. ते ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जंतूत सापडलं. त्यावर काम करणारे डॉ. सुरेंद्रनाथ सेहगल बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. १९८३ च्या सुमारास कंपनीने कॅनडातली प्रयोगशाळा बंद केली, तेव्हा त्यांनी ते जंतू चक्क घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले. घरच्या बाईला काय वाटलं असेल, कल्पना करा! २००३ साली अमेरिकेत हा लेप असलेल्या स्टेंटला मान्यता मिळाली. सेहगल त्याच वर्षाच्या सुरुवातीला गेले होते.

आता पुढचं पाऊल थ्री-डी प्रिंटिंगचं. कागदावर शाई उमटते तसे थरावर थर चढवून वस्तू घडवायची. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गिलेर्मो अमीर आणि चेंग सन यांच्या गटाने २०१६ मध्ये असा विरघळणारा स्टेंट छापून दाखवला. पातळ रसायनावर प्रकाश पाडायचा, की एकेक थर घट्ट होतो. ते रसायन बनवलंय सायट्रिक आम्लापासून, म्हणजे लिंबातलंच आम्ल. पेशंटच्या रक्तवाहिनीच्या मापाचा स्टेंट छापायचा, त्यातच औषध भरायचं, अशी ही कल्पना. अजून ती संशोधनातच आहे, आपल्या गावच्या डॉक्टरांकडे मागू नका.

मला ही कल्पना पटते, कारण बायकांच्या हृदयाच्या वाहिन्या सरासरीने पुरुषांपेक्षा बारीक असतात. ब्लाऊज आपण टेलरकडे माप देऊन शिवतो आणि हृदयात मात्र तयार मापातलंच जवळपासचं बसवायचं! पण स्टेंटच्या मोठमोठ्या चाचण्यांत बायका जेमतेम चौथा हिस्सा असायच्या. नव्या स्टेंटच्या चाचण्याही तशाच झाल्या तर मापाला काय अर्थ? निम्म्या बायका घ्या, एवढंच माझं मागणं आहे.

आणि नवं म्हणजे चांगलंच, असंही नाही. 'अ‍ॅब्सॉर्ब' नावाचा विरघळणारा स्टेंट २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. त्यात गुठळ्या जास्त होतात असं दिसलं आणि २०१७ मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली. आपल्याकडेही तो भारी म्हणून लाख-दीड लाखाच्या पुढे विकला जायचा.

पैशाचं म्हणाल तर फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधी स्टेंटला २९,६०० रुपयांची मर्यादा घातली. विरघळणाराही त्यातच धरला. कंपन्यांना नव्या जातीच्या स्टेंटसाठी वेगळा, चढा दर हवा होता. २०१८ मध्ये दर पुन्हा ठरवले तेव्हाही तो मिळाला नाही, हे उत्तम झालं. उद्या मापाचा स्टेंट आला की "हा वेगळा आहे हो" म्हणत तो या मर्यादेबाहेर काढायची धडपड होणार, हे मी आजच सांगते. तो आत राहिला तरच आमच्या वहिनींपर्यंत पोचेल.

वहिनींच्या गोळ्या चालू आहेत. पैशाची अडचण डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी जेनेरिक लिहून दिल्या, खर्च बराच कमी झाला. हे आधी विचारायला त्यांना लाज वाटली होती म्हणे.