चांदणी आणि प्रत्यय

मंडळी, नातीकडून पायथन शिकायला लागल्यापासून मला मोरो केशव दामले फार आठवतात. (मालगुंडच्या केशवसुतांचे धाकटे बंधू, त्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचे.)

फंक्शनला किती गोष्टी मिळणार हे आधी ठाऊक नसेल, तर नावाआधी एक चांदणी काढतात. मग येतील तेवढ्यांची एकच मोट बांधली जाते. बेरजेला हे झकास. दोन आकडे द्या की वीस, सगळ्यांचे काम एकच. पण 'गुरुजींनी मुलांना गणित शिकवले' यात तिघांची कामे निराळी. मराठीत शब्द कसेही फिरवा, 'नी' आणि 'ना' हे प्रत्यय सांभाळून घेतात. मोटेत मात्र क्रम तेवढा उरतो. तो चुकला की गणिताने मुलांना गुरुजी शिकवले!

दोन चांदण्या काढल्या तर प्रत्येक गोष्ट नावासकट येते खरी, पण नाव कुठलेही चालते. स्पेलिंग चुकले तरी तिथल्या तिथे कोणी हटकत नाही. म्हणून माझे मत असे, की कामे ठरलेली असतील तिथे नावे आधीच स्पष्ट लिहावीत. चांदणी बेरजेपुरती.

नात म्हणते, "आजोबा, टाइप किती करायचं?"

कर की! सहा महिन्यांनी तुलाच वाचायचंय.