आजार आईचा, बोलणे दिराशी!

महाड-पोलादपूरच्या वाडीवस्तीवरील बाईला कर्करोगाची शंका आली की तिला महामार्गाने थेट परळला नेतात. 1941 साली सुरू झालेले टाटा हॉस्पिटल हाच आपल्या माणसांचा भरवसा. आमचा प्रश्न उपचारांचा नाही, बोलण्याचा आहे. गावच्या दवाखान्यापासून शहरातल्या इस्पितळापर्यंत डॉक्टर अनेकदा सोबतच्या नवऱ्याशी, दिराशी बोलतात. बाई बाहेर बाकावर! "तिला सांगू नका, खचेल," असे घरचे म्हणतात आणि डॉक्टर मान डोलावतात. मग पोरांची सोय तिने लावायची कधी? धाकटा रात्री कुणाजवळ झोपतो, थोरलीच्या शाळेचे कागद कुठे आहेत, हे तिलाच ठाऊक असते.

समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली बजावले की, तातडीचा प्रसंग नसेल तर सज्ञान रुग्णाची संमती तिचीच हवी, आणि उपचाराचे स्वरूप, धोके, पर्याय तिलाच सांगितले पाहिजेत. तेथे सख्ख्या आईची संमती चालली नाही, दिराची काय चालणार?

पोरांना तर 'आई मुंबईला गेली' एवढेच कळते. केस गेलेली आई परतली की लहानगे बिचकते. आपल्या हट्टामुळेच ती आजारी पडली असे मनात धरते. हा रोग शिवल्याने होत नाही (शिवाशिवीचे खोटेपण महाडला कोणी शिकवायला नको!) आणि यात तुझी चूक नाही, ही दोन वाक्ये आईने मुलांना कशी सांगावी, हे डॉक्टरांनी, परिचारिकेने तिला समजावले पाहिजे. त्यासाठी आधी केसपेपरवर विचारा: मुले किती, केवढी, आज कुणाजवळ आहेत?