एक कान शाबूत आहे ना!



गेल्या महिन्यात आमच्याकडे विधानानंतरचं जेवण होतं. माझी भाची पंगतीत अगदी टोकाला, डावा कान भिंतीकडे करून बसली. मी म्हटलं, "अगं, मध्ये ये की!" ती नुसती हसली. मग आठवलं, तिला डाव्या कानाने ऐकूच येत नाही. सगळी उजवीकडे असली तरच तिला बोलणं कळतं.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी उठली तर तो कान बंद. सर्दी असेल म्हणून वाफ दिली, कोमट तेल घातलं. (शेजारीण लसणीचं तेल सुचवत होती, आमच्या घरात लसूण कुठून असणार!) तीन आठवड्यांनी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. कान असा अचानक गेला तर पहिल्या काही दिवसांतच स्टिरॉइड सुरू करायचं असतं, हे तिथे कळलं. तेल घाला म्हणणारी मीच होते.

आता तिला कॉक्लिअर इम्प्लांट करायचंय. घरात एकच सूर, एक कान शाबूत आहे ना, मग एवढे लाख कशाला? मी बी.कॉम., मीही आधी हाच हिशेब मांडला.

पण आवाज कुठून आला हे मेंदू दोन्ही कानांची तुलना करूनच ठरवतो. रिक्षाचा हॉर्न ऐकून ती नेमकी उलट्या बाजूला सरकते. गर्दीत ऐकायची धडपड करून संध्याकाळी डोकं धरून बसते, आणि त्या बंद कानात सतत गुणगुण. साधं श्रवणयंत्र तिथे उपयोगाचं नाही. डावीकडचा आवाज उजव्या कानात पोचवणारं यंत्र मिळतं, पण ऐकणारा कान एकच राहतो. इम्प्लांटमधली तार कानाच्या आतल्या शंखात बसते आणि थेट नसेला जागं करते. अमेरिकेत २०१९ साली एका कानाच्या बहिरेपणासाठीही त्याला मंजुरी मिळाली. आपला २०१६ चा दिव्यांग कायदा मात्र दोन्ही कान अधू असले तरच मोजतो.

सगळ्यांनाच ते जमेल असं नाही. नस चांगली हवी, सुरुवातीला माणसांचे आवाज यंत्रासारखे वाटतात, महिनोन्‌महिने सराव लागतो. आणि कान जितका जास्त काळ बंद, तितका फायदा कमी होण्याची भीती. म्हणजे थांबण्याचाही खर्च आहेच, तो माझ्या वहीत नव्हता.

एका काकूंनी तिला सांगितलं, "कर्माचा उदय आहे, समतेने सहन कर." समता तिने स्वतः धरली तर धर्म; आपण तिच्या ताटात का वाढायची? माझ्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढताना 'एक डोळा दिसतो ना' असं याच काकू म्हणाल्या नव्हत्या.

पुढच्या आठवड्यात तिचा एमआरआय आहे. माझ्या मुदत ठेवीची मुदत दिवाळीआधी संपते, तसं मी भावाला कळवलंय.