कुणीतरी जागं आहे

शिडाची बोट म्हटली की डोळ्यांसमोर काय येतं? निळंशार पाणी, गॉगल, हातात थंडगार ग्लास. यातला गॉगल तेवढा ठेवा, बाकी सगळं विसरा! नॉर्वेच्या उत्तर टोकाकडच्या ट्रोम्सोहून स्वालबार्डच्या लाँगइयरब्येनला शिडाने जायचं, तर अंतर सुमारे ५०० सागरी मैल. म्हणजे ९००हून जास्त किलोमीटर. आणि वेग? वारा मेहरबान असला तर ताशी ११ किलोमीटर, थोडक्यात आपल्या संध्याकाळच्या ट्रॅफिकइतका. चार दिवस, चार रात्री.

'रात्री' आपलं म्हणायचं म्हणून. जुलैत तिथे सूर्य मावळतच नाही. पहाटे दोनलाही लख्ख उजेड, त्यामुळे शरीराचं घड्याळ पहिल्याच दिवशी राजीनामा देतं. मग दिवस चालतो तो ड्यूटीवर, बोटीच्या भाषेत 'वॉच'वर. आम्ही सहा जण, तीन जोड्या. चार तास डेकवर, आठ तास सुट्टी. ऑफिसपेक्षा बरंय की, असं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. पण त्या आठ तासांतच स्वयंपाक, भांडी, ओले मोजे आणि उरलंच तर झोप.

शिवाय नुसते कपडे घालायलाच वीस मिनिटं जातात. आतून लोकरीचे, त्यावर फ्लीस, त्यावर वॉटरप्रूफ डांगरी, जॅकेट, बूट, टोपी, हातमोजे, लाइफजॅकेट... आणि हे सगळं हलत्या केबिनमध्ये, एका पायावर! एवढं चढवल्यावर टॉयलेटला जावंसं वाटलं, तर देव तुमचं भलं करो.

जेवणाची मात्र मजा. शेगडी दोन्ही बाजूंनी टांगलेली असते. बोट कलते, शेगडी सरळ राहते. आणि गॅलीतला हीरो कोण, तर आपला प्रेशर कुकर! झाकण घट्ट, त्यामुळे लाट आली तरी खिचडी कुकरातच राहते. गरम वाडगा दोन्ही हातांत धरला, की बोटं पुन्हा आपली वाटायला लागतात.

गंमत इथे संपते. बेअर आयलंडच्या आसपास पाणी जेमतेम चार-पाच अंशांचं असतं. अशा पाण्यात पडलात, तर पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं. साधारण दहा मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. तासाभरात शुद्ध हरपू शकते. आणि शिडाची बोट रिक्षासारखी जागच्या जागी वळत नाही. म्हणून डेकवर पाऊल ठेवायच्या आधी हार्नेसचा पट्टा अडकवायचा. रोज, दर वेळी, समुद्र शांत दिसत असला तरी.

तिथेच आम्हाला धुकं लागलं. रडारवर जहाज दिसतं, पण सायबेरियाच्या नद्यांतून वाहत आलेले लाकडाचे ओंडके पाण्याबरोबरीने तरंगतात, ते डोळ्यांनीच शोधावे लागतात. म्हणजे आळीपाळीने दोघांनी थंडीत टक लावून बसायचं आणि बाकीच्यांनी खाली झोपायचं. कुणाच्या भरवशावर? तर आठवड्यापूर्वी ज्यांचं नावही माहीत नव्हतं, अशांच्या.

त्यामुळे बोटीवर एक नियम कुणी न सांगताच कळतो. वॉच चारला सुरू होत असेल, तर चारला दहा कमी असताना तुम्ही पूर्ण कपड्यांत वर हजर हवे. वारा कसा आहे, कुठे काय दिसलं, हे ऐकून घ्यायचं आणि मगच समोरच्याला सोडायचं. पाच मिनिटं उशीर म्हणजे थंडीने काकडलेल्या माणसाच्या झोपेतली पाच मिनिटं. 'अरे यार, ट्रॅफिक होता' इथे चालत नाही. टीमवर्कवर आपण किती पॉवरपॉइंट पाहिलेत! दोरी ओढायचे, फुगे फोडायचे खेळही खेळलोत. तिथे खेळ वगैरे काही नव्हता. वेळेवर यायचं, एवढंच.

पहिल्या वॉचनंतर मला झोप लागलीच नव्हती. बंकला बांधलेल्या कापडाच्या झोळीत पडून मी कानाशी, फळीपलीकडे धावणारं पाणी ऐकत होते. तिसऱ्या दिवशी मात्र डोक्यावर कुणाच्या तरी बुटांचा धप्प आवाज आला आणि मी निवांत कूस बदलली.

लाँगइयरब्येनला हॉटेलात गरम पाणी होतं, न हलणारा पलंग होता, जाड रजई होती. तरी पहाटे पावणेचारला टक्क जाग आली. खोलीत पूर्ण शांतता. बराच वेळ मी वरच्या बुटांची वाट बघत पडून होते.